‘सोड’ म्हणजे काय

१२ ऑक्टोबर. दिवाळीआधी माळा झाडायला मी काल कोल्हारला दादाकडे गेले, कारण वहिनीला शिडी चढवत नाही. माळ्यावर दादाचा कॉलेजातला कॉम्प्युटर निघाला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालणारा. शेजारी प्रिंटर. झाडू तिथेच राहिला.

त्या कॉम्प्युटरवर दादाने एक खेळ लिहिला होता. पाटाचं पाणी येतं, वाफा भरला की पुढच्यात वळवायचं, नाहीतर बांध फुटतो. हे ऐकून त्याची नात म्हणाली होती, “आजोबा, थापा.” तेव्हापासून त्याला तो प्रोग्रॅम कागदावर छापून तिला दाखवायचा होता. कॅसेट मात्र झिजलेली. बऱ्याच खटपटीनंतर एकदाची लोड झाली.

टीव्ही बैठकीच्या भिंतीवर, म्हणून मी तिथे कीबोर्डपाशी. प्रिंटर आतल्या खोलीत, दादा त्याच्यापाशी. मध्ये त्यानेच सोल्डरचे डाग देऊन बनवलेली लांबलचक केबल. प्रिंटरच्या सुकलेल्या रिबनवर तेलाचा थेंब टाकल्यावर पहिल्या ओळी नीट उमटल्या, पुढे अक्षरं गळायला लागली.

“केबलला तारा किती जोडल्यास?” मी ओरडून विचारलं. मी पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे.

“लागत्यात तेवढ्या.”

“प्रिंटरची मेमरी भरली की कॉम्प्युटरला ‘थांब’ सांगणारी?”

“ती कशाला? वाफा भरला की दिसतंच.”

“कॉम्प्युटरला कुठून दिसणार? तो बैठकीत आहे.”

नवी तार घरात नव्हती, म्हणून वेग उतरवायचा ठरला. प्रिंटरला झेपेल तेवढंच पाठवलं तर थांब म्हणायची वेळच येत नाही. दोन्हीकडे वेग तीनशेवर लावायचा, म्हणजे सेकंदाला तीसेक अक्षरं. दादा प्रिंटरची बारीक बटणं खालीवर करत पुटपुटत होता, “लई ताप हाय.” मग हाक आली, “सोड!”

त्याला म्हणायचं होतं, पाणी सोडतात तसं चालू कर. मला वाटलं, नाद सोड. मी कॉम्प्युटर बंद केला. मेमरीतला प्रोग्रॅम गेला.

दादा दारात येऊन काळ्या टीव्हीकडे बघत राहिला. “अगं, सोड म्हणलो, मोड न्हाई.”

“मग चालू म्हणायचं.”

“जन्मभर पाण्याला सोडच म्हणतो मी.”

“मी पाणी नाही.”

संध्याकाळपर्यंत कॅसेट काही लोड झाली नाही. जेवताना वहिनी म्हणाली, “माळा तसाच हाय, आठवण करून देते.”

आज सकाळी चहाआधी मी कापूस आणि इंजेक्शनच्या स्पिरिटने टेपचं हेड पुसलं. कॅसेट लोड झाली. दादाला उठवून प्रिंटरपाशी बसवलं आणि बजावलं, “चालू आणि बंद. तिसरा शब्द नको.”

“चालू,” तो म्हणाला.

प्रिंटर रडतखडत, पण एकही अक्षर न गाळता छापत राहिला. छापून संपेपर्यंत मी माळा झाडून घेतला.