पिरॅमिडसमोर वाजवलेली टाळी

आमच्या घरात भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारी मी. होस्टेलवर मैत्रिणी पांघरुणात शिरून असल्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी मध्येच शंका काढून त्यांची मजा घालवायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणतो लिहून टाक, वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी काही सुचेल. मला फारशी आशा नाही... तरी लिहिते.

लग्न ठरलं तेव्हाच निखिलने हनिमूनचं पॅकेज बुक करून टाकलं होतं. मेक्सिको. जंगल ॲडव्हेंचर आणि प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष! निखिल आमच्या नागपुरातल्याच धरमपेठेतला, जंगलवेडा. ताडोबा-पेंच त्याचं पाठ झालेलं, आता त्याला साता समुद्रापलीकडचं जंगल बघायचं होतं. माझ्या बाबांनी त्याची चांगलीच फिरकी घेतली. "लोकं हनिमूनले काश्मीरले जातात जावईबापू, अन् तुम्ही माह्या पोरीले खंडहर दाखवाले नेऊन राहिले?" असं म्हणून स्वतःच मोबाइलवर त्या पिरॅमिडचे व्हिडिओ बघत बसायचे.

लग्न तोंडावर आलेलं असताना बाबा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, दुपारी संपलं. आमच्याकडे असं झालं की एक तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. काकांनी उरकायचं ठरवलं. हॉल रद्द केला, गोळीबार चौकातल्या घरासमोरच मांडव घातला, वाजंत्री नाही. कन्यादान काका-काकूंनी केलं. आई आतल्या खोलीत बसून होती.

या सगळ्यात मी रडले नाही. दवाखान्यात नाही, स्मशानघाटावर नाही, पाठवणीलाही नाही. पाठवणीला न रडणारी मुलगी म्हणजे चर्चेला विषयच. एक मावशी बोललीच, "मोठी घट्ट काळजाची निघाली वं हे!" घट्ट वगैरे काही नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो — असतो आपलाच, पण दुसऱ्याचा वाटतो — तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. निखिलने हात धरला की हात धरलाय एवढं कळायचं. बास. नवीन लग्न झालेल्या माणसाने हे किती दिवस सोसायचं? खरं तर तो कंटाळून जाईल याची मला भीती वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

तिकिटांचे पैसे परत मिळत नव्हते. आई म्हणाली, "जा. तुह्या बाबायनं किती हौसेनं पाहून ठेवलं होतं." म्हणून गेलो.

तिथे जे जे होतं ते सगळं मी केलं. जमिनीच्या पोटातल्या विहिरीत पोहले. दोरीला लटकून झाडांच्या शेंड्यांवरून सुसाट गेले. बाकीच्या बायका किंचाळत होत्या, मी गप्प गेले आणि गप्प उतरले. पलीकडे पट्टा सोडणाऱ्या माणसाने अंगठा दाखवून मला 'ब्रेव्ह लेडी' म्हटलं. निखिलने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तुला माझ्यासोबत राहायचंय का? खरं सांग. नाही म्हणालीस तरी मी चिडणार नाही."

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही चिचेन इत्साला गेलो. मधोमध तो प्रचंड पायऱ्यांचा पिरॅमिड, भोवती मोकळं मैदान, आणि ऊन असं की नागपुरातच उभं असल्यासारखं वाटावं. वर चढायला बंदी आहे. वाटेवर दोन्ही बाजूंना दुकानं मांडून बसलेले लोक लाकडाच्या शिट्ट्या विकतात. ती फुंकली की तिकडच्या बिबट्यासारखी गुरगुर निघते. आमच्या गाइडने पायऱ्यांसमोर उभं राहून एक टाळी वाजवली, तर वरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत आला. माया लोक त्या पक्ष्याला पवित्र मानायचे म्हणे. निखिलने लगेच मला शास्त्र समजावलं, की प्रत्येक पायरीवरून आवाज थोडा थोडा मागेपुढे परत येतो, म्हणून टाळीचा पक्षी होतो. मला पटलं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी पाळीपाळीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना पक्षी ऐकू आला. निखिललाही.

"तू वाजव ना," तो म्हणाला.

मी वाजवली. एकच.

पक्षी आला नाही. वरच्या पायऱ्यांवरून बोंब आली. घाटावर मारतात ती... तोंडावर पालथा हात मारत मारलेली, तुटक तुटक, लांबलचक. बाईचा आवाज होता. पायरी पायरी उतरत ती खाली आली, मध्ये एकदा दम संपून थांबली, हुं करून श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाली. मग थांबली.

मला एकटीला भास झाला म्हणावं, तर तसं नाही. ढकलगाडीतलं एक बाळ दचकून रडायला लागलं. ग्रुपमधल्या एका म्हातारीने छातीवर क्रॉसची खूण केली. गाइड मागे वळून कोण ओरडलं ते शोधत होता. मग त्याने स्वतः टाळी वाजवून पाहिली, पक्षी आला. मला पुन्हा वाजवायला लावली, तेव्हा मलाही पक्षीच. तो हसला, पण पुढची माहिती त्याने फार भरभर सांगितली.

निखिलने मला झाडाखाली नेऊन बसवलं. "मी होतो ना गं घाटावर," तो म्हणाला. "तुझ्याकडून राहिली होती ती."

हे सांगायला हवं. मी एकुलती एक, म्हणून बाबांना अग्नी मीच दिला. गंगाबाई घाटावर खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरले, मडकं मागे टाकलं, आणि मग बोंब मारायची असते. मी पालथा हात तोंडाशी नेला, तोंड उघडलं... काही आलंच नाही. सगळे वाट बघत होते. शेवटी काका म्हणाले, "राहू द्या गुरुजी. पोरगी आहे, चालते." मग गुरुजींनी पुढचं सुरू केलं.

"तो तुझा आवाज होता," निखिल म्हणाला. मलाही तसंच वाटलं. आवाज बाईचा आणि बोंब राहिलेली माझी, मग दुसऱ्या कुणाचा असणार? निखिल तिथे बसून ढसाढसा रडला. "मोकळी झालीस तू," असं सारखं म्हणत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत मोकळं वाटायची वाट बघत बसले. काही वाटलं नाही.

येताना निखिलने त्या शिट्ट्यांपैकी एक घेतली. खोलीवर फुंकून फुंकून पाहिली. नुसती गुरगुर. बोंबेशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

नागपूरला परत आल्यावर पहिल्या रविवारी आईकडे जेवायला गेलो. आई पाटोडी करत होती. मी काही सांगणार नव्हते, पण निखिलच्या पोटात काही राहत नाही. त्याने ताट हातात घेऊन उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईने बेसन थापणं थांबवलं.

"घाटावर मारलीच नव्हती तू?"

"नाही आली गं."

"मले कोणी सांगतलंच नाही," आई म्हणाली. "बायकायनं घाटावर जाऊ नाही म्हणे. मी घरी बसून होती. मले वाटे, माह्या पोरीनं मारली असन, त्यायनं ऐकली असन... कशी आली होती वं तिकडं? करून दाखव मले."

"आई, काहीतरीच काय?"

"दाखव वं. काहीच नाही ऐकलं मी."

मी पालथा हात तोंडाशी नेला. खरंच प्रयत्न केला, आईसाठी. नुसती हवा बाहेर आली. मग आईने गॅस बंद केला, बेसनाने भरलेला हात उलटा करून स्वतःच्या तोंडावर नेला, आणि भर दुपारी, स्वयंपाकघरात, तिने बोंब मारली.

शेजारच्या काकू धावत आल्या. निखिलच्या हातातलं ताट खाली पडलं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. तेच तुटणं होतं. त्याच जागी दम संपला, तसंच हुं करून श्वास घेतला आणि तशीच पुन्हा सुरू झाली. आम्ही पिरॅमिडवर ऐकला तो आवाज माझा नव्हताच. आईचा होता. हाच. आईने अजून मारलीच नव्हती तेव्हा ऐकलेला.

आई ओट्याला टेकून खाली बसली आणि बाबांचं नाव घेऊन रडायला लागली. मी बाजूला उभी होते.

आता आई बरी आहे. वेळेवर जेवते, शेजारच्या काकूंशी भांडते, बाबांची आठवण आली की रडते, पुन्हा कामाला लागते. ते दोन्ही आवाज एकच होते, हे आम्ही तिला सांगितलेलं नाही. तिने मारायच्या आधी तिची बोंब तिकडे कशी पोचली, याचं उत्तर निखिल अजून शोधतोय. बरंच काय काय वाचलंय त्याने, पायऱ्यांचं गणितही करून पाहिलंय. त्याने तो राहण्याचा प्रश्न मला पुन्हा विचारला नाही, पण त्याच्या डोळ्यांत तो रोज दिसतो, आणि द्यायला माझ्याकडे अजूनही तेच उत्तर आहे.

कारण माझी बोंब अजून बाकी आहे. ती कधी निघेल, आणि त्याआधी कुठे, कुणाला ऐकू गेली असेल, मला माहीत नाही.