दळू नका गं

आमच्या म्हातारीसारखी, म्हंजी माझ्या बायकोसारखी, खणखणीत बोंब मारणारी बाई अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाली न्हाई. त्या बोंबेवर राणीसावरगावात आमच्या गल्लीतला चार घरांचा पापडाचा कारखाना चालायचा. शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर संध्याकाळी स्लॅबवरचे वाळलेले पापड गोळा केले. मग कठड्याला धरून तिनं हाक दिली, "जागा झाली गं! उद्या सकाळी डाळ दळा!" गल्लीच्या टोकाच्या गिरणीवालीचं "कळलं" माघारी आल्याबिगर ती जिन्याकडं फिरली न्हाई.

आधी सगळ्या आपापल्या तालात असायच्या. गिरणीवाली दळायची, दुसरी मळायची, तिसरी लाटायची, आम्ही वाळवून पिशव्या भरायचो. एकदा आभाळ दाटलं, स्लॅबवर ओले पापड तसेच, आन तिकडं मळणारीनं घमेलंभर पीठ मळून ठेवलेलं. सगळं वाया. जी ती म्हणायली, "माझं काम मी चोख केलं." म्हातारी कडाडली, "समद्यांनी चोख केलं, मग पापड कुठं हाय गं?"

तवापासून तिचा कायदा. काही झालं की शेजारच्या घराला हाक द्यायची, तिनं पुढं द्यायची, आन टोकाचं "कळलं" तसंच घरोघर माघारी यायचं. मी म्हणालो, "मोबाईल हाय की!" तर म्हणे, "मोबाईल एकाच्या कानात बोलतो. मला गल्लीभर बोलायचंय."

पण धंद्याची खबर कोणती आन घरची कोणती, हे तिला कधी उमगलं न्हाई. "आमचं म्हातारं शिंकायलंय!" अशी हाक जायची, आन गिरणीवाली आल्याचा काढा घेऊन दारात हजर. एकदा कढी खारट झाली असं मी नुसतं पुटपुटलो. हाक फिरली आन त्या दिवशीचे पापडच अळणी! दुकानदार म्हणाला, "मावशे, हे काय दवाखान्यासाठी केलेत का?" म्हातारी ठसक्यात म्हणाली, "आमची गल्ली एकजीव हाय, बाबा. एकाच्या जिभेला खारट लागलं, चौघींनी मीठ आवरलं."

डाळ दळायची ती हाक दिली, त्याच रात्री ती झोपली ती उठलीच न्हाई. सकाळी मी तिच्या उशाशी बसलो होतो, तेवढ्यात गिरणी सुरू झाली. तिनंच सांगितलं होतं ना, दळा म्हणून. मी जिना चढलो. जन्मात कधी हाक दिली नव्हती. कठड्याला धरून ओरडलो, "दळू नका गं! म्हातारी गेली."

लाटणारीनं हाक पुढं दिली, मळणारीनं पुढं. गिरणी थांबली.

मी तिथंच उभा राहिलो. लय वेळानं एकेका घरातून रडत रडत "कळलं" माघारी आलं. तवा खाली उतरलो.