जब्बारभाईंचा डावा डोळा

केनवडच्या शाळेची दुसरी घंटा नुकतीच झाली होती. रिसोडहून आलेली एसटी फाट्यावर थांबली आणि कंडक्टर स्वतः उतरून माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आला. "मास्तर, तुमचे पेंटर गेले. आज सकाळीच." एवढंच बोलून तो परत फिरला. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलो… रडणारा मास्तर पोरांना दाखवायचा नव्हता. त्याला आता दीड महिना झाला.

रिसोडच्या बाजारात ज्या दुकानावर रेखीव अक्षरं दिसतील ती जब्बारभाईंची, असं डोळे मिटून सांगावं. मराठी आणि उर्दू, दोन्हीवर सारखाच हात. दुष्काळात सरकारी कामांवरचे फलक त्यांनी रंगवले, पुढे भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोणही. आमच्या बौद्ध वस्तीतल्या विहाराची पाटी करायची म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. रंग कोणता ते सांगणार, तोच हातातला डबा पुढे करून म्हणाले, "निळाच कालवून राह्यलो, मास्तर." तेव्हापासून माझा प्रत्येक रविवार त्यांच्या दुकानात जायचा. अक्षरांविषयी ते माणसांविषयी बोलावं तसे बोलत. "हा 'क्ष' लय माजोरडा. दोघांची जागा एकटाच मांगते."

रेघ सरळ आली का हे पाहताना ते एक डोळा मिटत. म्हणूनच त्यांच्या लक्षात आलं. एका रविवारी उजवा डोळा मिटून पाटीकडे पाहता पाहता ते थांबले. "मास्तर, डाव्या डोळ्यापुढं वरून पडदा पडून राह्यला… सारं काळं." मी घाबरलो. पण पाच मिनिटांत पडदा उठला आणि ते हसत पुन्हा रेघ ओढायला लागले. त्याआधीही एकदा असं झालं होतं म्हणे. मी शहाणपणानं सांगितलं, "टर्पेंटाईनच्या वासानं होत असन. अन् आता चाळिशी लागली तुमाले. चष्मा घ्या." एवढ्यावर न थांबता मीच त्यांना वाशीमला नेलं आणि काळ्या काडीचा चष्मा घेऊन दिला. घरी परतताना मला फार बरं वाटत होतं.

महिनाही झाला नसेल. सकाळी दुकानात त्यांच्या उजव्या हातातून कुंचला गळाला. तोंड वाकडं झालं. भाभी धावत आल्या तेव्हा ते काहीतरी सांगू पाहत होते, पण शब्दच निघत नव्हता. आम्ही जीप करून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासायची नळी मानेच्या डाव्या बाजूला लावून कितीतरी वेळ ऐकलं. मी पडद्याची गोष्ट सांगितली, तसं त्यांनी खिशातून पेन काढलं. मग कागदावर काढून समजावलं. मानेतून वर चढणारी ही मोठी धमनी. कवटीत शिरल्यावर तिची पहिली मोठी फांदी डोळ्याला जाते आणि उरलेलं रक्त मेंदूच्या डाव्या भागाला. वाचा तिथली, उजवा हातही तिथलाच. मेंदूच्या तळाशी सगळ्या धमन्या मिळून एक कडं होतं. एक बाजू बंद पडली तर दुसरीकडून रक्त येऊ शकतं, पण काहींचं ते कडं जन्मतःच बारीक असतं. "यांचं तसंच असावं," डॉक्टर म्हणाले. "धमनीतल्या बारीक गुठळ्या आधी डोळ्यात जात होत्या. तेव्हाच आणलं असतं तर काही करता आलं असतं… कदाचित." तो 'कदाचित' मी रिसोडपर्यंत उराशी धरून बसलो होतो.

जब्बारभाई घरी आले ते एकच शब्द घेऊन. "हाव", म्हणजे हो. पाणी पाहिजे? हाव. नको? हाव. आणि ज्या माणसानं अख्ख्या गावाला अक्षरं दिली, त्याला स्वतःची पाटी वाचता येईना. मी पहिलीचं पुस्तक घेऊन जायला लागलो. 'ज' ओळखायला त्यांना अठरा दिवस लागले. ओळखला त्या दिवशी भाभींनी शिरा केला, आणि तो खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एका दुपारी मला राहवलं नाही. भाभी आत होत्या. मी म्हटलं, "जब्बारभाई, चष्मा म्या घ्याले लावला. दवाखान्यात न्यायले पायजे होतं. माही चूक झाली." चांगल्या हातानं त्यांनी माझं बोट घट्ट धरलं आणि म्हणाले, "हाव."

त्यांच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. माफ केलं म्हणाले, की चूक तुझीच म्हणाले… मला आजही कळलेलं नाही. दोन आठवड्यांनी दुसरा झटका आला आणि ते गेले.

गेल्या सोमवारी एका विद्यार्थिनीचे वडील, शेषराव, दाखल्यासाठी शाळेत आले होते. सही करता करता सहज बोलले, "आज दिसते बरं. काल एका डोळ्यापुढं पडदा आला होता, मंग गेला बी." मी वर्ग शेजारच्या गुरुजींकडे सोपवला आणि शेषरावांना तसंच फाट्यावर नेऊन मिळेल त्या गाडीत बसवलं. स्वतःही बसलो. गाडी सुटल्यावर ते गोंधळून म्हणाले, "मास्तर, डोळा तर बरा झाला न. मंग इतकी घाई कायले?"

त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. मी ते सोडलं नाही. "सांगतो," म्हटलं, "अकोला लय दूर हाये. आमच्या रिसोडले एक पेंटर होते…"