ब्रेकच्या डिस्कवरचा गंज
ओल्या लोखंडाचा वास आला की विचुंब्यातली ती सकाळ आठवते. वडील इस्पितळात असताना गाडी पंधरा दिवस पावसात उभी होती आणि ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज चढला होता. त्याच दिवशी त्यांना घरी आणायचं होतं. कोन गावाहून आलेला मेकॅनिक वाकून बघत म्हणाला, "वरवरचा हाय, बदलायची गरज नाय. सावकाश चालवा, ब्रेक दाबत जा, जाईल." याला काम टाळायचंय, असंच मला वाटलं. माझा चेहरा बघून तो शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि मी गाडी रस्त्यावर काढली. पहिले चार-पाच ब्रेक करकरले, मग आवाज थांबला. उतरून पाहिलं, तर डिस्क चकचकीत झाली होती. तो म्हणाला, "ब्रेकवर नाय, माझ्यावर संशय व्हता तुमचा." मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही." ते खोटं अजून बोचतं.