जाणूनबुजून

काकासाहेबांनी माझ्या वडिलांना मोसंबीच्या झाडापुढे कान धरून उभं केलं. सकाळचे साडेआठ वाजले होते. आधी डोक्यावरची टोपी काढायला लावली. मग म्हणाले, "म्हण, चुकलो."

आबा म्हणाले, "चुकलो."

"मला नको सांगूस. झाडाला सांग."

आबा झाडाकडे वळले. झाडाला सांगितलं.

मी दोन पावलांवर होते. हातात खुरपं होतं. मला राग आला, असं इथे लिहायला पाहिजे. पण नाही आला. आबांच्या शर्टाची पाठीवरची शिवण उसवलीय, घरी गेल्यावर दोन टाके घालायला हवेत, एवढंच मनात आलं. माणूस बधिर होतो म्हणजे असा होतो. टाके आठवतात त्याला.

फाटकात समोरच्या बंगल्यातले काका उभे होते. फिरून आले होते. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जास्वंदी होत्या, पांढरा चाफा होता. रोज लोकांच्या कुंपणांवरून फांद्या वाकवून वाकवून तोडतात, देवाला म्हणून. ते म्हणाले, "आने तो पोलीसमां ज आपी दो." याला पोलिसातच द्या म्हणे. एका झाडासाठी.

काकासाहेब म्हणाले, "देणारच आहे."

बंगला बडोद्यात, अलकापुरीतला. काकासाहेबांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, वडीलही तसेच. ते स्वतः सरकारी नोकरीत वर वर चढत निवृत्त झाले. माझे पणजोबा त्याच संस्थानच्या बागेत मोट हाकायला देशावरून आले. म्हणजे आम्ही दोघंही बडोद्याचे मराठी. बाहेर गुजराती बोलायचं, घरात मराठी. काकासाहेबांच्या पत्नी, काकू, नेहमी म्हणायच्या, "गुजराती माळी हवे तितके मिळतात गं, पण आपली माणसं ती आपली." या आपल्या माणसांचा कप मागच्या पायरीवर पालथा घातलेला असायचा. आम्ही दलित. बडोद्यात तोंडावर जात कोणी विचारत नाही. आडनाव विचारतात आणि मग पुढचं काही विचारत नाहीत.

आबांचे गुडघे गेले तेव्हा मी बी.ए. झाले होते. नोकरी शोधत होते. तोवर त्यांच्याबरोबर बंगल्यांवर जाऊ लागले, शहराच्या टोकाच्या छाणीहून, दोघं एका स्कूटरवर. तोवर म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. मला काम आवडायला लागलं होतं, हेही खरं आहे. आबांच्या हाताला झाड कळायचं, आणि ते मला शिकवत होते.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. आबांना साखर आहे. खत घालता घालता त्यांना भोवळ आली. व्हरांड्यात झोपाळा होता, जवळ तेवढाच आधार. ते त्यावर बसले. मी नळावरून पाणी आणायला धावले. परत आले तर काकासाहेब बाहेर आले होते. त्यांनी एकच शब्द उच्चारला. "ऊठ."

आबा उठले. फरशीवर बसले. मी तिथेच त्यांना पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी झोपाळ्याची गादी कचऱ्याच्या गाडीत गेली. चांगली गादी होती, रेशमी काठाची. ड्रायव्हर झोपाळ्याच्या कड्या ओल्या फडक्याने पुसत होता. आबा मला म्हणाले, "माझ्या धोतराची माती लागली असणार गादीला." मी म्हटलं, "हो, खताचे हात होते तुमचे." आम्ही एकमेकांना पटवून टाकलं. जुन्या वळणाची माणसं आहेत, त्यांच्या ध्यानातही येत नाही, मनात काही नसतं त्यांच्या. असं आमच्या घरात तीन पिढ्या म्हणत आले. या एका समजुतीवर आम्ही जगत होतो.

आता मोसंबी. काकासाहेबांच्या आईने लावलेलं झाड. तीन वर्षं एक फळ नाही, नुसता पाला. दिवाळीनंतर काकासाहेब आणि काकू मुलाकडे बंगळूरला निघाले, दोन महिन्यांसाठी. निघता निघता काकू म्हणाल्या, "या मोसंबीचं काहीतरी कर बाई."

मी विचारलं, "ताण देऊ का?"

"कर काय ते," म्हणाल्या. गाडीत बसल्या.

ताण देणं म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं. बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने उकरून वरची मुळं थोडे दिवस उन्हाला उघडी करायची. पानं पिवळी पडतात, गळतात. झाड मेल्यासारखं दिसतं. ते मरत नाही, थांबतं. मग खत-माती घालून पाणी सोडलं की कळी धरते. देशावर कुठल्याही मोसंबीवाल्याला विचारा. आबांनी हे त्यांच्या वडिलांकडून घेतलं, मी आबांकडून. हे झाड मी स्वतः ताणावर सोडलं होतं. आबा नुसते पायरीवर बसून सांगत होते. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झालं की पाणी सोडायचं, असं ठरलं होतं.

काकासाहेब उत्तरायणाच्या आठवडाभर आधीच परत आले. नातवाला बडोद्याचे पतंग बघायचे होते. फाटकातून आत आले आणि त्यांना दिसलं काय, तर आईच्या हातचं झाड उघडंबोडकं, मुळं वर आलेली.

आबा सांगायला गेले, "साहेब, ताण दिलाय, आता पाणी..." काकासाहेब म्हणाले, "मला शिकवतोस?" आयुष्यभर बागेत बसून चहा प्यायलेला माणूस. खुरपं कधी हातात धरलं नाही. मी काकूंकडे बघितलं. म्हटलं, काकू, तुम्हाला विचारलं होतं ना मी? त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला कुठे आठवतंय असलं काही." आणि आत गेल्या.

त्यानंतर ते कान धरणं झालं.

संध्याकाळी चौकीतून फोन आला. उद्या अकरा वाजता दोघं या. आबा रात्रभर बसून होते. मी झोपले. गाढ झोपले, याची मला अजून लाज वाटते.

चौकीत जमादार होते, चाळिशीचे, शांत. काकासाहेबांना खुर्ची, आम्हाला भिंतीलगतचं बाकडं. जमादारांनी मला समजावून सांगितलं. कुणाच्या मालकीचं झाड किंवा बागेतलं रोप मुद्दाम नासवलं तर गुन्हा होतो. "अंग्रेजोना वखतनी कलम छे, बेन. नंबर बदलाया, वात एनी ए ज." म्हणजे इंग्रज गेले, पण त्यांच्या बागेची राखण अजून चालू आहे. मग ते म्हणाले, "जाणी जोईने कर्युं के नहीं, एटलुं ज बोलो."

जाणूनबुजून केलं की नाही. सगळं तिथेच अडलेलं होतं. चुकून झाड मेलं तर गुन्हा नाही. द्वेषाने मारलं तर आहे. जमादारांनी हे काकासाहेबांनाही आदल्या दिवशी सांगितलं होतं. कारण दाखवावं लागेल, म्हणाले होते. नुसतं झाड दाखवून भागणार नाही.

मी सांगितलं, ताण दिला होता. जमादारांनी ऐकून घेतलं. घरची शेती असावी, मान हलवली. पण समोर खुर्चीवर कोण बसलंय हेही त्यांना दिसत होतं. ते हळूच म्हणाले, "माफी लखी आपो ने, बेन. सही करी दो, वात पती जाय." माफी लिहून सही करा, की मिटलं, म्हणे.

काकासाहेबांनी खिशातून कागद काढला. माफीनामा ते घरूनच लिहून घेऊन आले होते. मराठीत. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. या घराला आपल्या मराठीचा फार अभिमान. शिवाय जमादारांना मराठी वाचता येत नव्हतं. आपलं आपल्यात, असा हिशोब असावा.

आबांनी पेन हातात घेतलं होतं. "सही कर पोरी," ते म्हणाले. "पती जाऊ दे, मिटू दे एकदा." आम्ही सही केली असती तर बंगल्याचं काम गेलं असतं, पण पोलिसांपासून सुटलो असतो. नाही केली तर अर्ज पुढे जाणार, आबांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार, आणि अलकापुरीतली बाकीची घरंही जाणार. माझ्या डोक्यात तेव्हा लढा, स्वाभिमान असलं काही नव्हतं. सही करायचीच होती मला. कॉलेजमध्ये सवय लागली होती, कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, म्हणून वाचला.

लिहिलं होतं: "आम्ही खाली सह्या करणार बापलेक लिहून देतो की, दसऱ्याच्या सुमारास झोपाळ्यावर बसल्यावरून आम्हास उठविण्यात आले व गादी टाकून देण्यात आली, त्या अपमानाचा राग मनात धरून आम्ही जाणूनबुजून झाडाची मुळे उघडी केली व पाणी तोडले."

अपमान.

त्यांच्या अक्षरात. त्यांच्या शाईत.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. गादी मातीने खराब झाली म्हणून गेली नव्हती. जुनं वळण नव्हतं, अनवधान नव्हतं. अपमान केला तेव्हाच त्यांना कळलं होतं की हा अपमान आहे, आणि तो इतका मोठा आहे की कुणीही माणूस त्याचा सूड घेईल. खाई त्याला खवखवे. आम्ही विसरायला बघत होतो आणि ते सुडाची वाट बघत होते. झाड दिसल्या दिसल्या त्यांना वाटलं, आला. तीन पिढ्या आम्ही ज्यांना न कळणारे म्हणत आलो, त्यांना आमच्याआधी कळत होतं. कळत असताना केलं होतं.

तेव्हाही मी पेटून वगैरे उठले नाही. फक्त आतली एक गोष्ट थांबली. त्यांची बाजू घेऊन आपल्याच मनाला समजावणारं जे कोणी माझ्यात होतं, ते गप्प झालं. ते पुन्हा बोललं नाही.

मी म्हटलं, "आबा, पेन ठेवा."

"पोरी..."

"ठेवा."

मग जमादारांना म्हटलं, साहेब, कागद मराठीत आहे, तुम्हाला वाचून दाखवते. आणि ते वाक्य शब्दाला शब्द गुजरातीत वाचलं. मोठ्याने. शेजारच्या टेबलावरची लेडी कॉन्स्टेबल लिहायची थांबली.

जमादार काकासाहेबांकडे बघून म्हणाले, "हींचके बेठा एमां शुं थई गयुं?"

झोपाळ्यावर बसले त्यात काय झालं. साधा प्रश्न. त्यांना खरंच कळलं नव्हतं. काकासाहेब मला म्हणाले, कागद इकडे दे.

मी म्हटलं, "साहेब, यांनी कारण सांगितलंय. ते लिहून घ्या. आमचं आडनाव पण लिहा, म्हणजे कळेल काय झालं ते."

जमादारांना आता दुसरंच, ॲट्रॉसिटीचं कलम दिसायला लागलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. काकासाहेबांनी हात लांब करून माझ्या हातातला कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या, आतल्या खिशात ठेवला. "राहू द्या," म्हणाले. "घरगुती बाब आहे. मला तक्रार करायची नाही. आपलीच माणसं आहेत."

मी म्हटलं, "मला करायचीय."

उद्या या, जमादार म्हणाले. मी बसून राहिले. साहेब जेवायला गेलेत, म्हणाले. बसून राहिले. आबा बाहेर पायरीवर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. शिवण तशीच उसवलेली होती. चार वाजता लेडी कॉन्स्टेबलने माझा अर्ज घेतला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारला.

आबा माझ्याशी पुढे दोन महिने बोलले नाहीत. अलकापुरीतले तीन बंगले गेले. मी आता एका रोपवाटिकेत काम करते. आबा घरीच असतात. एकदा जेवताना म्हणाले, "अपमान असंच लिहिलं होतं ना? तू नीट वाचलंस?" मी म्हटलं, नीट वाचलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि खूप वेळ हात न धुता बसले. त्यांना आनंद झाला असेल असं कुणी समजू नये. आयुष्यभर ज्याला माया म्हटलं ते काय होतं, ते त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं. ते मी कळवलं. त्याचं ओझं मला आहे.

झाडाचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. मला माहीत नाही. विचारलंही नाही. फळ धरलं तर आम्ही खरे आणि वाळलं तर खोटे, असं होणार असेल तर मला झाडाची साक्ष नको.

माझा अर्ज अजून पडून आहे. बोलावतात तेव्हा जाते. बोलावलं नाही तरी जाते. मधल्यांनी निरोप आणले, काकासाहेब थकलेत, माफी मागायला तयार आहेत, तोंडी. मी नाही म्हटलं. माफी घरी ठेवा, मला तो कागद हवाय. ते म्हणतात, फाडून टाकला. फाडला असेल तर हरकत नाही. त्यांनी ते वाक्य पुन्हा लिहावं, त्याच अक्षरात. या वेळी खाली सही त्यांची हवी.

तोवर मी चौकीतल्या त्या बाकड्यावर जाऊन बसणार आहे.