नागाबाईच्या दाराची चौकट

भूकंपात गाव गेलं आणि निलंग्याकडच्या नव्या वसाहतीत सरजाबाईला अन् तिच्या धाकट्या जावेला, नागाबाईला, शेजारीशेजारी घरं मिळाली. घरं एकाच मापाची. तरी सरजाबाईला वाटे, नागीचंच भक्कम. नागीची नात बबिता लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला गेली. शेवगाही नागीच्याच परसात बहरला. सरजाबाईचा नुसता जळफळाट होई.

साठी उलटल्यावर एका सकाळी सरजाबाईला आपल्या दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसली. भिंती पडताना पाहिलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? तिनं अंथरूण अंगणात हलवलं. पुढं ताक मागायला नागीकडं गेली, तर तिचीही चौकट वाकडी! सरजाबाई मनातून फुलली.

“नागे, तुझं बी घर खचलं गं! लई नाक वर करून फिरत होतीस.”

“काय बोलायलीस अक्का? कुठं खचलं?”

नागाबाईनं गवंड्याचा ओळंबा आणून चौकटीशी धरला. “बघ, सरळ हाय.”

सरजाबाईनं पाहिलं. खाली वजन लोंबत होतं, तरी तिला दोरीच मधे वाकलेली दिसत होती. “ही दोरी बी वाकडी हाय,” ती म्हणाली.

नागाबाईनं तिला लातूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, “आजी, घराला काही झालं नाही. वयानं डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या पेशी झिजल्यात, तिथं पाणी झिरपतंय. इंजेक्शन घ्यावं लागेल. शिवाय हिरवा पाला, पिवळा मका रोज खा. त्यातली द्रव्यं पेशींची झीज थोपवायला मदत करतात. पण नुसत्या भाजीवर राहिलात तर नजर जाईल.”

“हिचे डोळे कसे हायेत?” सरजाबाईनं आधी तेच विचारलं.

डॉक्टरांनी नागाबाईचेही तपासले. स्वच्छ होते.

“बघा! शेवग्याचा पाला एकटीच खात होती!”

“तुला दिलेला तू कोंबड्यांपुढं टाकायचीस. दिसत नव्हतं काय मला?”

 सरजाबाईनं डॉक्टरांकडं तोंड फिरवलं अन् सुई टोचून घेतली.

दुसऱ्या दिवशी नागाबाईनं पाल्याची भाजी अन् भाकरी आणली. सरजाबाईनं घास घेतला, “मीठ कमी हाय” म्हणाली आणि ताट पुसून खाल्लं.

“उद्या बी आण. आन् तुझं ताट हितंच घेऊन ये. तू जास्तीची वाढून घेतलीस, तर मला दिसायला पाहिजे.”