सतरा माणसं, चाळिसांच्या पोळ्या

कचेरीतल्या जुन्या फायली दर काही वर्षांनी नष्ट करायचा नियम होता. किस्स्यांसाठी तसा नियम नव्हता, म्हणून ते साठत गेले. आमची कचेरी माजी सैनिकांच्या कल्याणाची. दर सोमवारी निवृत्त फौजी यायचे, चहा प्यायचे आणि आम्हा बाबूंना युद्ध शिकवायचे.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राजधानीला समारंभ लागतात. डोंगरावरची एक चौकी राखलेल्या तुकडीतले पाच जण शहरात होते. त्यांना मंत्र्यांच्या हातून शाल द्यायची ठरली. यादी मी टाइप केली. नव्या साहेबांनी पाचवं नाव खोडलं. रामदीन साहू, फौजी लंगरातला स्वयंपाकी.

“रसोइया लड़ा कहाँ?” एवढं म्हणून साहेब केबिनमध्ये गेले.

तुकडीचे सुभेदार, रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातले गजाननराव, माझ्यासमोर बसले. बोलत होते माझ्याशी, पण आवाज केबिनपर्यंत जाईल असा ठेवला होता.

*

युद्धावरची पुस्तकं मी बरीच वाचली होती. विचारलं, “माणसं पडत असताना तुकडी कशानं टिकते? देशप्रेमानं?”

“देशप्रेम स्टेशनपर्यंत पुरते बाबूजी. पुढं बूट चावतात.”

“मग तुम्ही पळाला काहून नाही?”

“बाजूच्या खंदकात आमच्याच पाऱ्यातला माणूस होता. मी पळालो असतो, तर सुट्टीत येऊन माझ्या बायकोले सांगितलं असतं त्यानं. त्यापेक्षा गोळी बरी.”

*

शेजारच्या टेकडीवरची तुकडी मात्र दोनच माणसं पडताच मोडली.

“भित्रे असतील,” मी म्हटलं.

सुभेदार चिडले. “पुस्तकात लिहिलं का असं? निम्मे त्याच सकाळी आले होते, कोणी इकडून, कोणी तिकडून. ज्याचं नाव मालूम नाही, त्याले ‘थांब’ म्हणून हाक कशी मारता? लोक चांगले होते. एकेकटे होते, बस.”

*

सुभेदारांच्या चौकीवर चाळिसांतले सतरा उरले. लेफ्टनंट जखमी होऊन खाली गेले. दुपारी कुजबुज सुरू झाली, की संध्याकाळी आपणही उतरू. तेवढ्यात साहू पाठीला डबे बांधून, गोळ्या चुकवत वर आला. डब्यांत चाळीस जणांच्या पोळ्या.

“अबे, सतराच उरलो,” सुभेदार म्हणाले.

“जानथँव,” साहू म्हणाला. “गिनती साहेब मन कम करहीं. मैं काबर करँव?” म्हणजे, आकडा साहेब लोक कमी करतील, मी कशाला करू?

सगळे जेवले. गेलेल्यांच्या वाट्याचंही जेवले.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय? एवढं खाऊन पळता येते का?”

चौकी पुढे तीन दिवस टिकली. मदत वर येत होती, तेव्हा वाटेत तिला साहू भेटला. डबे चाळिसांचेच.

*

साहेब केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकलं होतं. डोळेही जरा ओले वाटले.

“बात तो सही है,” ते म्हणाले. “लेकिन कॉलम में क्या लिखें?”

फॉर्मवर ‘युद्ध में भूमिका’ असा कॉलम होता. पोळ्या लिहायची सोय त्यात नव्हती. यादी चौघांचीच गेली.

*

समारंभाच्या दिवशी पुढच्या रांगेत नावं चिकटवलेल्या चार खुर्च्या रिकाम्या. चौघं शेवटच्या रांगेत, साहूला मधोमध घेऊन बसलेले. माइकवरून सुभेदारांचं नाव दोनदा पुकारलं. कोणी उठलं नाही.

साहेब धावत मागे गेले. “सुभेदार साहब, चलिए न. मंत्रीजी खड़े हैं.”

“अपना आदमी छोड़के हम नहीं हटते साहब. तब नहीं हटे, अब क्या हटेंगे?”

साहेबांना घाम फुटला. मंत्र्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग शाली घेऊन स्टेजवरून उतरले आणि अख्खा हॉल ओलांडून शेवटच्या रांगेत आले. लोक माना वळवून बघत होते, मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

“पहले कौन?” मंत्र्यांनी विचारलं.

चौघांनी एकदम साहूकडे बोट केलं.

साहूनं शाल खांद्यावर घेतली, मंत्र्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “साहेब, जेवन करे हव के नइ?”